दोन टीव्ही, एक रेकॉर्डर आणि आईचं भाषण

माझ्या घरात सध्या अकरा वायरी अशा आहेत, की त्या कुठून निघतात हे मला ठाऊक आहे, पण कुठे जातात हे विचारू नका. त्यातल्या तीन बहुधा कुठेच जात नाहीत. तरी त्या काढायची माझी हिंमत होत नाही. मागे एक काढली तर फ्रिजमधला दिवा गेला. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो. वायर मात्र मी होती तशी परत लावली.

हे सगळं एका कॅसेटमुळे झालं.

एका संध्याकाळी ऑफिसातून आलो आणि बूट काढायला खाली वाकलो. वर बघतो तर समोर आप्पा. आप्पा म्हणजे माझे वडील, वय वर्षं एक्याऐंशी. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं नकाशे काढले. शहराच्या पोटात कुठला नळ कुठे वळतो हे त्यांना अजून तोंडपाठ आहे, फक्त आपला चष्मा कुठे ठेवलाय ते सांगता येत नाही.

"माझ्या निरोप समारंभाची कॅसेट कुठे आहे रे?" आप्पांनी विचारलं.

"कसली कॅसेट?" मी एक बूट हातात धरून म्हणालो.

"व्हिडिओची. खात्यातल्यांनी काढली होती. त्यात तुझी आई बोललीय."

"काय बोललीय?"

"तेच तर माहीत नाही. तिच्यानंतर मला बोलायचं होतं. मी मनातल्या मनात माझं भाषण घोकत बसलो होतो. लोक हसले एवढं आठवतं."

आई जाऊन सहा वर्षं झाली. मी त्या समारंभाला नव्हतो, नोकरीच्या प्रशिक्षणासाठी परगावी होतो. कॅसेट आली तेव्हा घरात व्हीसीआर नव्हता आणि व्हीसीआर आला तोवर कॅसेट हरवली होती. म्हणजे आईने चारचौघांत आयुष्यात एकदा भाषण केलं, आणि ते घरातल्या कोणीही ऐकलं नव्हतं.

आप्पांनी मला सूचना हजार केल्या असतील, पण मागितलं असं कधी काही नाही. मी दुसरा बूट काढला आणि म्हणालो, "बघतो."

या 'बघतो'मध्ये पुढचे दोन महिने गेले.

कॅसेट माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सापडली. वर आईच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'ह्यांचा समारंभ. पुसू नये.' आमचा व्हीसीआर कधीच भंगारात गेला होता. हिच्या भावाकडे मात्र एक होता, परदेशातून आणलेला. तो त्याने मोठ्या मनाने दिला, आणि या गोष्टीची हिने मला रोज एकदा आठवण करून दिली. "माझ्या भावाचा आहे, जपून," असं ती इतक्यांदा म्हणाली, की मी त्या यंत्राला मनातून मेहुणाच म्हणू लागलो.

मेहुणा आणि कॅसेट दोन्ही घेऊन मी दुरुस्तीवाल्याकडे गेलो. जिन्याखाली त्याचं दुकान आहे. आत तो, एक स्टूल आणि मेलेले रेडिओ एवढं मावतं, गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहतं. त्याने कॅसेटचं झाकण उघडलं, दिव्याशी धरलं आणि डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं.

"बुरशी धरलीय साहेब. पुसून देतो. पण एकदाच चालेल."

"एकदाच म्हणजे?"

"एकदाच म्हणजे एकदाच. मध्ये थांबवायची नाही, मागे न्यायची नाही, पुढे पळवायची नाही. थांबवलीत की फीत तुटली म्हणून समजा. लावायची आणि गप बघायची. आणि या मशिनची ही आतली पट्टी सैल आहे. कॅसेट चालू असेपर्यंत पेन्सिलीने दाबून धरा."

"कोणी?"

"कोणीही. पण हात हलता कामा नये."

"हा पार्ट मिळत नाही का?"

"पार्ट मिळाला असता," तो थकून म्हणाला, "तर मी पेन्सिल कशाला सांगितली असती?"

कॅसेट एकदाच चालणार म्हणजे ती चालताना रेकॉर्ड झालीच पाहिजे. रेकॉर्डर आमच्याकडे होता. दिवाणखान्यात, नव्या सपाट टीव्हीखाली. हिच्या मालिका तो तिच्या गैरहजेरीत टिपून ठेवायचा. पण आप्पा काही दिवाणखान्यातला टीव्ही बघत नाहीत. त्यांना कमी ऐकू येतं. त्यांच्या खोलीत एक जुना, लाकडी पेटीचा टीव्ही आहे. त्याचा भोंगा समोर आहे आणि आप्पा त्याला जवळजवळ कान लावून बसतात. "तुमच्या टीव्हीचा आवाज मागून निघतो," ते म्हणतात. "तो भिंतीला ऐकू येतो. मला नाही."

तर प्रश्न असा होता. कॅसेट एक. ती एकदाच चालणार. रेकॉर्ड व्हायची दिवाणखान्यात आणि आप्पांना ऐकू यायची त्यांच्या खोलीत. मध्ये एक भिंत.

आता तुम्ही म्हणाल, रेकॉर्डर उचलून आप्पांच्या खोलीत न्यायचा. आज मलाही तेच वाटतं. पण रेकॉर्डरच्या पाठीला दुकानातल्या माणसाने पाच वायरी लावून दिल्या होत्या आणि त्यांना हात लावायचा नाही असा घरात कायदा होता. शिवाय सोपी गोष्ट सुचण्याआधी माणसाला भरपूर दमावं लागतं. मी तेव्हा नुकताच दमायला लागलो होतो.

मी ठरवलं, भिंतीला एक बारीक भोक पाडायचं आणि वायर पलीकडे न्यायची.

आमच्या इमारतीत आठ घरं. भिंतीत खिळा ठोकायचा तरी सेक्रेटरींच्या कानावर घालावं लागतं. सेक्रेटरी बरोबर आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. त्यामुळे आमच्याकडची प्रत्येक गोष्ट त्यांच्या कानावर तशीही पडतच असते. मी गेलो तेव्हा त्यांनी बसायला सांगितलं नाही, छापील अर्ज दिला. दोन प्रतींत. त्यात 'भोकाचा व्यास' होता, 'भोकाचा उद्देश' होता आणि 'भोकाचा कालावधी' असाही एक रकाना होता.

"कालावधी काय लिहू?" मी विचारलं. "भोक एकदा पाडलं की राहतंच."

"तेच तर कमिटीला नको असतं," सेक्रेटरी म्हणाले.

उद्देशाच्या रकान्यात मी प्रामाणिकपणे 'आईचं भाषण ऐकणे' असं लिहिलं. अर्ज चार दिवसांनी परत आला. शेरा होता: 'उद्देश स्पष्ट करावा. माताजी कोणत्या बाजूस आहेत?' मी खुलासा जोडला. मग भिंत भार पेलणारी आहे की नुसती आडोशाची, याचा दाखला मागितला. आप्पांनी एका रात्रीत घराचा नकाशा काढला, मापांसकट, कोपऱ्यात सुबक चौकट आखून त्यात तारीख आणि सही. माझ्या आयुष्यात इतका सुंदर अर्ज मी कुठेच केलेला नाही. सेक्रेटरींनी तो बघितला, "छान आहे," म्हणाले आणि कमिटीच्या पुढच्या बैठकीसाठी ठेवून घेतला. पुढची बैठक सदस्य न जमल्यामुळे झाली नाही. त्याच्या पुढचीही.

मग आले फ्यूजकाका.

फ्यूजकाका आमच्या वर राहतात. वीज मंडळातून निवृत्त झाले, पण मंडळ त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. इमारतीत कुठेही दिवा लुकलुकला की ते बोलावल्याशिवाय येतात आणि दिवा जाईपर्यंत थांबतात. त्यांनी माझी अडचण डोळे मिटून ऐकली.

"भोक कशाला पाडतोस?" ते म्हणाले. "भिंतीत केबलची वायर आहे ना? दिवाणखान्यात एक सॉकेट, आप्पांच्या खोलीत एक सॉकेट. वायर तीच. इकडच्या सॉकेटमध्ये व्हीसीआर घाल. तिकडच्या सॉकेटमधून निघेल."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. इतकं सोपं! दीड महिना मी भोकाचा कालावधी शोधत होतो.

आप्पा कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. त्यांनी सगळी जोडणी आखली होती: व्हीसीआर, त्यातून एक फाटा रेकॉर्डरला, एक भिंतीला. आखता आखता थांबले.

"ही भिंतीतली वायर येते कुठून?"

"जिन्यातल्या डब्यातून," फ्यूजकाका मोठ्याने म्हणाले. "तिथून सगळ्या घरांना जाते."

"मग झडप कुठे आहे?"

"कसली झडप?"

"उलट्या वाहण्याला अटकाव करणारी. मुख्य नळातून घरात पाणी येतं. घरातून कोणी उलटं पाणी सोडलं तर ते मुख्य नळात जाऊन शेजाऱ्याकडे निघेल. म्हणून झडप लागते."

फ्यूजकाका हसले. खूप वेळ हसले. "आप्पा, ही वीज आहे. पाणी नव्हे!"

आप्पांनी नकाशावर बारीक अक्षरात लिहिलं: 'झडप नाही'. खाली सही केली आणि कागद मला दिला. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस सही कुठे करायची हे विसरत नाही.

रविवार ठरला. वेळ सकाळी अकरा. रेकॉर्डरच्या मागे मी सकाळी आठला शिरलो. नुसतं डोकं नव्हे, खांद्यापर्यंत. ही विजेरी धरून होती, पण ती बोलताना हात हलवते, त्यामुळे उजेड माझ्या चेहऱ्यावर आणि सॉकेट अंधारात, असं चालू होतं. मागच्या बाजूला 'आवाज आत' आणि 'आवाज बाहेर' अशी दोन भोकं होती. मी उताणा झोपलेला, अक्षरं उलटी. अशा अवस्थेत आत आणि बाहेर यांत फारसा फरक राहत नाही.

"झालं का?" हिने विचारलं.

"झालं."

"नक्की?"

"अगं, चित्र दिसतंय ना?"

"माझ्या मालिका पुसल्या तर जाणार नाहीत ना?"

मी आणखी थोडा आत सरकलो. काही प्रश्नांना टीव्हीच्या मागूनच उत्तर न देणं सोयीचं असतं.

अकराला सगळे जागेवर. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या टीव्हीसमोर. फ्यूजकाका त्या टीव्हीची चक्री फिरवायला त्यांच्या शेजारी. ही मधल्या बोळात, दोन्ही खोल्यांमध्ये निरोप पोचवायला. आणि मी दिवाणखान्यात जमिनीवर, उघड्या मेहुण्यासमोर, पट्टीवर पेन्सिल दाबून. डाव्या हाताने कॅसेट सरकवली, रेकॉर्डरचं बटण दाबलं.

सपाट टीव्हीवर आधी बर्फ पडावा तसे पांढरे ठिपके आले, मग एक सभागृह उगवलं. खुर्च्या, टेबल, फुलदाणी. पुढच्या रांगेत आप्पा, काळ्या केसांचे. माझ्यापेक्षा थोडेसेच मोठे! आणि त्यांच्या शेजारी आई, पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेली.

"आलं का तिकडे?" मी ओरडलो.

"चित्र आलं!" ही बोळातून ओरडली. "आवाज नाही!"

"इकडेही नाही!"

"फ्यूजकाका म्हणतात, येईल!"

आवाज काही आला नाही. आप्पांच्या टीव्हीतून नुसती सोंऽऽ अशी फुंकर येत होती आणि माझ्यासमोरच्या टीव्हीतून तेवढीही नाही. पडद्यावर एक साहेब उठले, खिशातून कागदांचा गठ्ठा काढला आणि मूकपणे भाषण करू लागले. मी पेन्सिल सोडून मागच्या वायरी बघू शकत नव्हतो. कॅसेट थांबवू शकत नव्हतो. साठ-सत्तर फायलींचा निपटारा एका बैठकीत करणारा मी, विमा कंपनीतला जबाबदार माणूस, एका पेन्सिलीला बांधला गेलो होतो.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

तळमजल्यावरच्या शिकवणीच्या बाई होत्या. "अहो, तुमच्याकडे केबल नीट आहे का?" त्या हिला विचारत होत्या. "आमच्याकडे कार्टूनच्या जागी कसलीतरी सभा लागलीय. मुलं रडताहेत."

त्यांच्या मागोमाग समोरच्या घरातले गृहस्थ. "आमची मॅच गेली. कोणीतरी फुलदाणीशेजारी उभं राहून बोलतंय. सरकार बदललं की काय?"

मी पेन्सिल धरून थिजलो. बोळातून आप्पांचा शांत आवाज आला:

"झडप नव्हती."

आणि मग सेक्रेटरी आले. हातात तक्रारवही. ते दारातून सरळ आत आले, पडद्यावरच्या साहेबांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा मी कधी न बघितलेल्या रंगाचा झाला.

"म्हणजे हे तुम्ही आहात! भोकाचा अर्ज प्रलंबित असताना तुम्ही परस्पर अख्ख्या इमारतीत शिरलात! वीस मिनिटं झाली, माझ्या घरात तो माणूस नळाच्या व्यासावर बोलतोय. बायको कानात बोटं घालून बसलीय!"

"कानात?" मी विचारलं. "म्हणजे तुमच्याकडे आवाज येतोय?"

"येतोय म्हणजे? भिंती हादरताहेत!"

दुरुस्तीवाल्याने नंतर उलगडा केला, की मेहुणा परदेशातला, त्याची आवाज पाठवायची रीत वेगळी. आप्पांच्या आणि इतरांच्या टीव्हींना चित्र कळलं पण आवाज कळला नाही. सेक्रेटरींचा टीव्ही तेवढा सगळ्या देशांचं समजणारा होता. पण त्या क्षणी आम्हाला एवढंच कळलं, की इमारतीत आवाज एकाच घरात येतोय, आणि ते घर सेक्रेटरींचं आहे.

आप्पा खोलीच्या दारात काठी घेऊन उभे होते. त्यांना शब्द ऐकू आले होते की नुसतं कळलं होतं, कोण जाणे.

"माझी बायको बोलायचीय अजून," ते सेक्रेटरींना म्हणाले. "मी खाली येऊ का?"

सेक्रेटरींनी वहीचं पान उघडलं होतं, लिहायला पेन काढलं होतं. त्यांनी पडद्याकडे बघितलं. पुढच्या रांगेत पर्स धरून बसलेली आई दिसत होती.

"ह्या का?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी वही बगलेत मारली आणि आप्पांचा हात धरला. "चला. सावकाश. अठरा पायऱ्या आहेत."

आप्पांना अठरा पायऱ्या उतरायला किती वेळ लागतो हे आम्हाला माहीत होतं. साहेबांच्या हातात किती कागद उरलेत हे मात्र नीट दिसत नव्हतं. एका बाजूने हिने आप्पांना धरलं, दुसऱ्या बाजूने सेक्रेटरींनी. फ्यूजकाका पुढे, वाट मोकळी करत, "बाजूला व्हा, बाजूला व्हा," असं रिकाम्या जिन्याला सांगत. शिकवणीच्या बाई आणि समोरचे गृहस्थही मागे गेले.

घरात मी एकटा उरलो. मी आणि पेन्सिल.

साहेबांनी एक कागद उलटला. मी मनातल्या मनात म्हटलं, बोला साहेब, अजून बोला. नळाच्या व्यासाबद्दल बोला, गळतीबद्दल बोला, खात्याच्या स्थापनेपासून बोला. ऑफिसात आमच्या साहेबांची भाषणं घड्याळाकडे बघत काढली मी. त्या दिवशी मात्र हा अनोळखी माणूस बोलत राहावा म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. जिन्यातून काठीचा आवाज येत होता. टक. थोडा वेळ काही नाही. टक.

साहेबांनी शेवटचा कागद खिशात ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी आईला खूण केली. ती नाही-नाही म्हणत होती, मग उठली. पर्स कुठे ठेवावी ते तिला कळेना, शेवटी ती आप्पांच्या मांडीवर ठेवली.

आणि खालून, उघड्या गॅलरीतून, तिचा आवाज आला.

सेक्रेटरींनी आप्पांसाठी टीव्ही अगदी मोठा केला असणार. माझ्यासमोर तिचे ओठ हलत होते आणि आवाज खालच्या मजल्यावरून येत होता. सहा वर्षांनी. आधी घसा साफ केल्याचा, तिच्या नेहमीच्या पद्धतीने, दोनदा.

"मला दोनच शब्द बोलायला सांगितलेत," आई म्हणाली. "मला काही बोलता येत नाही. पण आज इथे मला सगळे सांगत होते, की हे कचेरीत फार मजा करतात. नकला करतात. लोकांना पोट धरून हसवतात. मला वाटलं, दुसऱ्या कोणाबद्दल बोलताहेत."

हशा.

"एकतीस वर्षं तुम्ही ह्यांचा हसरा भाग इथे ठेवून घेतलात आणि दमलेला तेवढा घरी पाठवलात. साहेब, माझी तक्रार नाही. पण उद्यापासून कचेरी नाही. तर तो हसरा माणूसही आता पाठवून द्या. मला बघायचाय."

मोठा हशा. टाळ्या. पडद्यावर पुढच्या रांगेत आप्पा मांडीवर पर्स घेऊन बसले होते आणि त्यांचे ओठ हळूहळू हलत होते. ते आपलं भाषण घोकत होते.

मग आई बसली, पर्स परत घेतली आणि आप्पा उठले. त्यांचं भाषण मी ऐकलं नाही. ते माझ्यापर्यंत पोचण्याआधीच आतून कचकच असा आवाज आला, पडदा निळा झाला आणि मेहुण्याच्या तोंडातून फितीचं एक भेंडोळं बाहेर आलं. माझ्या बोटांना मुंग्या आल्या होत्या. पेन्सिल मी बराच वेळ सोडली नाही.

सगळे वर आले ते अर्ध्या तासाने. शिकवणीच्या बाईंचे डोळे लाल होते. समोरचे गृहस्थ मॅचबद्दल काही बोलले नाहीत. सेक्रेटरींच्या बायकोने सगळ्यांना चहा दिला होता म्हणे, मला सोडून. ही आत आली आणि माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघू लागली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. तुमच्या ऑफिसात तुम्ही कसे असता, ते एकदा येऊन बघेन म्हणते."

ऑफिसात मी नक्कल करतो. आमच्या साहेबांची. बरी करतो असं म्हणतात.

आप्पा आपल्या पलंगावर जाऊन बसले होते. मी त्यांच्याजवळ गेलो.

"ऐकू आलं ना नीट?"

"शब्द न् शब्द." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "तिने मागितलं होतं रे. सगळ्यांसमोर. मी शेजारी होतो." मग म्हणाले, "त्यानंतर सतरा वर्षं होती ती. घरी आल्यावर तिनेही पुन्हा सांगितलं नाही मला. आणि मला वाटायचं, घरात कसल्या नकला करायच्या."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या घरात ही पद्धत नाही. दोघांनाही थोडा वेळ अवघड वाटलं, मग वाटेनासं झालं.

रेकॉर्डिंग झालं होतं. संध्याकाळी लावून बघितलं तर चित्र लख्ख होतं आणि आवाज नव्हता. 'आत'ची वायर 'बाहेर'मध्ये होती. हिच्या मालिकांपैकी चार भाग पुसले गेले होते आणि त्यातला एक लग्न मोडण्याचा होता. सोमवारी कमिटीची बैठक भरली. या वेळी सगळे सदस्य आले आणि भोकाचा अर्ज एकमताने मंजूर झाला. आता मला भोक नको होतं. 'मंजूर भोक न पाडल्यास कारण कळवावे' असं पत्र आलंय. त्याचं उत्तर लिहायचंय.

आप्पा आता रोज संध्याकाळी दिवाणखान्यात येऊन बसतात, त्या सपाट टीव्हीसमोर. आवाजाचा प्रश्नच मिटल्यामुळे त्यांची त्या टीव्हीबद्दलची तक्रारही संपली आहे. मूक चित्र लावतात आणि आईच्या ओठांबरोबर तिचं भाषण मोठ्याने म्हणतात. घसा दोनदा साफ करतात तेही अगदी तिच्यासारखा. पहिल्या दिवशी ही हसली, तेव्हापासून ते साहेबांचीही नक्कल करतात, नळाच्या व्यासासकट. ती फारच चांगली जमते. सेक्रेटरी अधूनमधून वर येतात आणि हसता हसता खुर्चीचा हात पकडतात.

फक्त आईचं भाषण हळूहळू वाढू लागलंय. परवा त्यात 'स्वभावाने तसे प्रेमळ आहेत' हे वाक्य आलं. सेक्रेटरी म्हणाले, "आप्पा, असं नव्हत्या म्हणाल्या त्या. मी होतो."

"तुम्ही पेन शोधत होतात तेव्हा म्हणाली," आप्पा म्हणाले.

काल 'आणि चहा उत्तम करतात' एवढं आणखी वाढलं. हे मात्र कोणालाच पटलं नाही, कारण आप्पांनी आयुष्यात चहा केलेला नाही. पण मी ऑफिसातून दमून आलो होतो, हिला कणीक भिजवायची होती, सेक्रेटरींनी छताकडे बघितलं.

आज सकाळी उठलो तर स्वयंपाकघरात दिवा होता. आप्पा गॅसजवळ उभे होते आणि हिला विचारत होते, की साखर पाण्यात आधी घालायची की दूध घातल्यावर.